जुन्या चाकूची चकाकी नको, कठीणपणा जपा

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या एखाद्या घरात आजोबांचा मिटता चाकू फडताळात सापडला, की पहिली धाव असते ग्राइंडरकडे. पाते लखलखते, पण वारशात जे खरे मोलाचे होते ते नेमके त्याच वेळी जाऊ शकते. जुने पाते बहुधा साध्या कार्बन पोलादाचे असते. लोहार ते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझवतो, तेव्हा कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत अडकतात आणि पाते काचेसारखे कठीण पण ठिसूळ होते. मग साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला पुन्हा शेकले, की ठिसूळपणा उतरतो. ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर धारेची पातळ कड क्षणात याच्या पुढे तापते. ती निळी दिसली म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचले आणि धार मऊ पडली. निळा रंग घासून जातो, गेलेला कठीणपणा मात्र घासून परत येत नाही. म्हणून धार लावायची ती पाणी घातलेल्या दगडावर, हातानेच.

गंज सगळाच काढायला हवा, हा आग्रहही तपासून पाहावा. तांबडा, भुसभुशीत गंज ओल धरून ठेवतो आणि आतले लोखंड खात राहतो. तो तेल लावून पितळी ब्रशने काढायलाच हवा. काळसर, घट्ट चिकटलेला थर मात्र बराच स्थिर असतो. खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी उपाय जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात आदिवासी कुटुंबे गोळा करतात त्या हिरड्यात आहे. हिरड्यात भरपूर टॅनिन असते. हिरड्याचा अर्क लावला, की टॅनिनचा गंजाशी संयोग होऊन निळसर काळे लोह-टॅनेट बनते. जुन्या लोखंडी वस्तूंच्या जतनात टॅनिक आम्ल वापरतात, ते याच कारणाने.

हा अर्क आम्लधर्मी आहे, तो चांगले लोखंडही खाईल, अशी शंका रास्त आहे. त्यामुळे चाकू त्यात बुडवून ठेवायचा नाही. कुंचल्याने पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचा, पुसायचा. लाकडी किंवा शिंगाची मूठ पाण्याने फुगते, म्हणून ती कोरडीच ठेवावी. काळा थर हे काही अभेद्य कवच नव्हे, हेही खरे. पावसाळ्यात सांध्यात मशीन तेलाचा थेंब आणि पात्यावर तेलाचा हात लागतोच. फळे कापायची असतील तर पात्याला खाद्यतेल लावावे, तेही पातळच. जाड थर राहिला तर तो चिकट होऊन धूळ धरतो.