होटगी रस्त्यावरची विमाने आणि सिद्धेश्वरची चिमणी

सोलापूरहून नियमित प्रवासी विमान चालवणाऱ्या कंपन्या आजवर मोजक्याच झाल्या. २००९च्या सुमारास किंगफिशरने मुंबईची सेवा सुरू केली. ती फार काळ टिकली नाही आणि २०१२मध्ये कंपनीच बंद पडली. पुढची कितीतरी वर्षे होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवर नेत्यांची आणि उद्योगपतींची खासगी विमाने तेवढी उतरत राहिली. लहान शहरे विमानाने जोडणारी ‘उडान’ योजना आली, तरी विमान आले नाही.

या काळातला खरा वाद रंगला तो श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीवरून. कुमठ्याच्या या कारखान्याने सहवीजनिर्मिती प्रकल्पासाठी सुमारे ९२ मीटर उंचीची चिमणी बांधली आणि ती विमान उतरण्याच्या मार्गात अडथळा ठरली. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना विमान उतारावरून खाली येते. त्या पट्ट्यात ठरावीक उंचीपेक्षा उंच बांधकाम चालत नाही. एका बाजूला विमानसेवा मागणारे शहर, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद. परवानग्या, नोटिसा, न्यायालय, मोर्चे असे सगळे झाले. अखेर १५ जून २०२३ रोजी महापालिकेने कडेकोट पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली.

मात्र विमान नसल्याचा सारा दोष चिमणीच्या माथी मारणे अन्यायाचे होते. किंगफिशरने सोलापूर सोडले तेव्हा ही चिमणी उभीच नव्हती. चिमणी पडल्यावरही पहिले विमान उडायला जवळजवळ दोन वर्षे गेली. धावपट्टी, संरक्षक भिंत, टर्मिनलची कामे झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन केले. तरीही कंपनीची वाट पाहणे संपले नव्हते.

कंपनीला धावपट्टी हवी, तसा रोजचा प्रवासीही हवा. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांतला व्यापारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपतो आणि सकाळी मुंबईत कामाला लागतो. फेब्रुवारी २०२३पासून वंदे भारतही साडेसहा तासांत मुंबई गाठते. विमानाची स्पर्धा या गाड्यांशी आहे, आणि भाडे ठरवताना कंपन्यांना ती विसरता येत नाही.

९ जून २०२५ रोजी फ्लाय९१ने गोव्याची सेवा सुरू केली. मोपा विमानतळावरून चालणाऱ्या या कंपनीचे संस्थापक मनोज चाको पूर्वी किंगफिशरमध्येच वरिष्ठ अधिकारी होते. लहान शहरांसाठी तिने एटीआर ७२ निवडले. कमी अंतरावर या पंख्याच्या विमानाला इंधन कमी लागते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरने सोलापूर मुंबई आणि बेंगळुरूशी जोडले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी ७६ आसनांचे एम्ब्रेअर जेट वापरते. मुंबई मार्गावरचा तोटा भरून काढण्यासाठी राज्य शासनाने व्यवहार्यता तफावत निधी मंजूर केला. असा निधी मुदतीपुरताच असतो. त्यानंतर आसने भरण्याची जबाबदारी भाड्यावर आणि वेळापत्रकावर येते. मुंबईची फेरी व्यापाऱ्याला त्याच दिवशी काम उरकून परतू देणारी असेल, तरच ती रात्रीच्या गाडीतला प्रवासी ओढून घेईल.