विळ्याची धार : साधी की दातेरी?

कापणीचा हंगाम तोंडावर आला म्हणजे माळ्यावरचे विळे खाली काढले जातात, लोहाराच्या भात्यापुढे गर्दी होते आणि आठवड्याच्या बाजारात नव्या विळ्यांची व चाकूंची खरेदी होते. बियाणे किंवा खत घेताना शेतकरी जितका विचार करतो, तितका तो हत्याराच्या धारेविषयी क्वचितच करतो. एका हंगामात जो विळा गव्हात चांगला चालला, तोच पुढे केळीच्या बागेत नेला जातो, त्यानेच दोर कापला जातो आणि त्यानेच लिंबाची फांदी उतरविली जाते. यात मजुरी वाया जाते, पिकाला अपाय होतो व कित्येकदा हातालाही इजा होते. म्हणून कोणत्या कामास कोणती धार घ्यावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दोन धारा, दोन रीती

साधी धार म्हणजे एकसारखी, सलग व गुळगुळीत धार. ती दाबाने किंवा झटक्याने कापते. तिच्याने झालेला काप स्वच्छ व सपाट असतो. मात्र वाळलेल्या, कठीण व गुळगुळीत ताटांवरून ती घसरते, आणि थोडी बोथट झाली की कापणाऱ्याच्या मनगटावर सर्व भार येतो.

दातेरी धार बारीक करवतीप्रमाणे असते. तिचे दात काडीत रुततात. हत्यार आपल्याकडे ओढले की प्रत्येक दात थोडे थोडे कापीत जातो. म्हणून तिला झटका द्यावा लागत नाही. दातांमधील खाचांची धार सहसा टणक वस्तूवर आपटत नाही, त्यामुळे ती पुष्कळ दिवस टिकते. परंतु तिचा काप खरबरीत होतो व कोवळ्या भागाचे तंतू फाटतात.

या फरकावरून एक सोपा प्रश्न निघतो : कापल्यानंतर मागे राहिलेली जखम भरून यावयाची आहे काय? यावयाची असेल, तर साधी धार घ्यावी. नसेल, आणि वस्तू कोरडी, चिवट व बारीक असेल, तर दातेरी धार घ्यावी.

वाळलेल्या पिकाची कापणी

गहू व बाजरी ही पिके कापणीस येतात तेव्हा त्यांच्या काड्या वाळलेल्या असतात. डाव्या मुठीत काड्या धरून उजव्या हाताने विळा ओढावयाचा, ही आपली नेहमीची पद्धत. येथे दातेरी विळा उत्तम काम देतो. झटका बसत नसल्याने ओंब्या हलत नाहीत व पक्व दाणे गळण्याचे प्रमाण कमी राहते. काडी जमिनीपासून चारपाच सेंटिमीटरवर कापता येते, त्यामुळे भुसाही जास्त मिळतो. आता मोठ्या क्षेत्रातील गहू बहुधा कापणी यंत्राने निघतो; तथापि लहान तुकडे, बांधालगतची ओळ आणि सातपुड्याच्या पायथ्याची उंचसखल शेते यांत विळ्याचीच गरज लागते.

हलके व दातेरी असे सुधारित विळे कृषी संस्थांनी तयार केलेले आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा हे दोन्ही याच प्रकारचे होत.

ज्वारीची, विशेषतः तापीकाठच्या काळ्या जमिनीतील दादरची, गोष्ट थोडी वेगळी आहे. तिची ताटे जाड असतात. दातेरी विळ्याने एकेक ताट दोनतीन वेळा मागेपुढे ओढून कापावे लागते. उलट, वजनदार व चांगली धार लावलेला साधा विळा ते एका झटक्यात तोडतो. कडब्यासाठी ताटे कापताना म्हणून साधा विळाच सोयीचा ठरतो.

केळी व फळबाग

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळी हे मुख्य नगदी पीक आहे. केळीच्या बागेत हत्यार वर्षभर चालू असते : पिले काढावयाची, करप्याची पाने कापावयाची, केळफूल तोडावयाचे व शेवटी घड उतरवावयाचा. यांपैकी प्रत्येक काम जिवंत व रसाळ भागावर होते. केळीच्या खोडात व देठात लांब तंतू असतात. दातेरी विळ्याचे दात त्या तंतूंत अडकतात, ते ओढतात आणि काप कुरतडल्यासारखा होतो. अशा जागी ओल साचून कुज लवकर शिरते. घडाच्या फण्या वेगळ्या करतानाही हाच नियम लागू आहे. फणीचा देठ एकाच सपाट कापाने सुटला पाहिजे. तो फाटल्यास वाहतुकीत तेथूनच कुजू लागतो व मालाचा भाव पडतो.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. मर, कंदकुज यांसारख्या रोगांचे जंतू रोगट झाडाचा रस व माती यांबरोबर हत्याराला चिकटून निरोगी झाडापर्यंत पोहोचू शकतात. साधे पाते फडक्याने पुसून स्वच्छ होते. दातांच्या खाचांत मात्र चीक व माती बसून राहते. ज्या हत्याराची स्वच्छता करता येत नाही, ते बागेत नेऊ नये.

धुळे जिल्ह्यातील डाळिंब बागायतदारांना तेल्या रोगाचा अनुभव आहेच. हा जिवाणूजन्य रोग छाटणीच्या हत्यारांवाटे पसरतो. म्हणून छाटणीस साध्या धारेची कात्रीच वापरावी व ती प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवून घ्यावी. काम संपल्यावर ती पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्यावा, नाहीतर ती गंजते. मोसंबी व लिंबाचे डोळे भरण्याच्या चाकूला तर दात मुळीच चालत नाहीत. डोळा व साल यांचे काप एकमेकांस नीट मिळाले तरच डोळा जीव धरतो.

खिशातील चाकू

शेतकऱ्याच्या खिशातील चाकूबाबतही हाच विचार करावा. ठिबक सिंचनाची नळी कापताना काप सरळ व गुळगुळीत हवा. दातेरी चाकूने नळीची कड खरबरीत होते, जोड गळतो आणि प्लास्टिकचा कीस आत जाऊन ड्रिपर तुंबतात. फळे कापणे, कलमाची पट्टी कापणे यांसही साधीच धार हवी.

उलट, सुतळी, पोती व विशेषतः नायलॉनचा दोर कापण्यास दातेरी धार चांगली. ताणलेल्या नायलॉनवरून बोथट साधा चाकू घसरतो. बैलाच्या गळ्यात दाव्याचा फास बसला, तर तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत त्याने एक दातेरी चाकू गोठ्यातच, हाताशी येईल अशा खुंटीवर, टांगून ठेवावा. एकच चाकू बाळगावयाचा असल्यास तो साध्या धारेचा घ्यावा व त्याची धार कायम राखावी. चांगली धार असलेला साधा चाकू दोरही कापतो, पण दातेरी चाकू डोळा भरीत नाही.

धार कशी राखावी

साध्या धारेस कुरुंदाचा दगड पुरतो. पाते दोन्ही बाजूंनी सारख्याच कलाने घासावे, आणि बोटाने आडवे चाचपून कच्ची धार उरली नाही ना, हे पाहावे. दातेरी विळा मात्र दातांच्या बाजूने दगडावर कधीही घासू नये. तसे केल्यास दात झिजून दोन्ही धारांचे गुण नाहीसे होतात. दात एकाच अंगास पाडलेले असतात. प्रत्येक खाच बारीक त्रिकोणी कानशीने, मूळचा कल राखून, हलक्या हाताने साफ करावी. दात फार झिजले असतील, तर लोहाराकडून नव्याने पाडून घ्यावेत. विकत घेताना दात सारख्या अंतराचे आहेत, मुठीकडे कललेले आहेत व मूठ घट्ट बसलेली आहे, याची खात्री करावी. हरभऱ्याच्या कापणीनंतर हत्यारास लागलेली आंब त्याच दिवशी पुसून काढावी.

हाताची काळजी

दातेरी विळा काडीवरून सहसा घसरत नाही, हा त्याचा गुण खरा. पण तो बोटास लागला तर जखम वेडीवाकडी होते व भरून येण्यास वेळ लागतो. काड्या धरलेली मूठ कापाच्या वर ठेवावी, अंगठा खाली सोडू नये. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. तीवर माती, हळद किंवा तंबाखू दाबू नये. आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घेण्याविषयी डॉक्टरांस विचारावे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ तोंडी सांगू नये. गव्हाच्या एकाच शेतात सारख्या लांबीचे चार वाफे आखावेत. दोन मजूर स्त्रियांना एकेक वाफा साध्या विळ्याने व एकेक वाफा दातेरी विळ्याने कापावयास सांगावे. लागलेला वेळ, राहिलेल्या धसकटांची उंची व जमिनीवर पडलेल्या ओंब्या यांची नोंद सर्वांसमक्ष करावी. त्यानंतर तेच दोन विळे केळीच्या एका पिलावर चालवून दोन्ही काप शेजारी शेजारी दाखवावेत. कोणती धार कोठे चालते, हे त्या दोन कापांकडे पाहूनच समजते. आणि कोणता विळा हाताला हलका वाटला, हे कापणाऱ्या बायांनाच विचारावे. दिवसभर वाकून विळा चालविणारा हात त्यांचा असतो.