न ठिबकणारी गळती

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की चिखली-मेहकरकडच्या शिवारात ट्रॅक्टरला उसंत नसते. सोयाबीन दोन-चार दिवसांत पेरून व्हायला हवं. नेमक्या त्याच घाईत कुणाचा तरी ट्रॅक्टर अर्ध्या तासात, म्हणजे घड्याळाच्या नव्हे, वावराच्या तासात, दोन उचक्या देतो आणि गप्प होतो. टाकी कोरडी. कॅनभर डिझेल आणून ओतलं तरी सेल्फ नुसता घरघरतो. शेवटी बॅटरी बसते आणि मिस्त्रीला फोन जातो. तो आल्या आल्या विचारतो, ‘‘टाकी रिकामी होऊ देली का? मंग हवा धरली त्यानं.’’

कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल अशी अडून बसत नाही. पेट्रोल ओतलं, चार किका मारल्या की निघाली. डिझेल इंजिनाचं तसं होत नाही, कारण त्यात इंधन नुसतं वाहून येत नाही, ते दाबानं फवारावं लागतं. या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दट्ट्या इतकी दाबतो की तिचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा धुक्यासारखा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. फवारा सोडणारं नोझल साधारण दोनशे वातावरणांएवढ्या दाबाखेरीज तोंड उघडत नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांचा हा आकडा आहे.

आता थोडा हिशेब करू. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर पूर्ण ताकदीनं चालताना तासाला 8 लिटर डिझेल पितो असं धरा. मिनिटाला 2000 फेरे आणि दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक फवारा, म्हणजे तासाला 1 लाख 80 हजार फवारे झाले. एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं जेमतेम 44 घन मिलिमीटर डिझेल, म्हणजे एक-दोन थेंब. ज्वारीच्या दाण्याएवढा, चार मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा घेतला तर त्याचं आकारमान 33 घन मिलिमीटर भरतं. नोझलकडे डिझेल रेटणाऱ्या डिझेल पंपाचा प्लंजर एका धक्क्यात जेवढं ढकलतो, त्याचा तीन-चतुर्थांश हा एकटा बुडबुडा गिळतो.

गिळतो असं म्हणायचं कारण म्हणजे द्रव सहसा दबत नाही. दोनशे वातावरणांच्या दाबाखाली डिझेलचं आकारमान शंभरात दीड भागाइतकंही घटत नाही. म्हणून प्लंजरनं इकडून रेटलं की तिकडे नोझलला लगेच कळतं. हवेचं आकारमान तेवढ्याच दाबाखाली दोनशेवा भाग उरतं. प्लंजर रेटतो तेव्हा बुडबुडा आकसतो, आणि प्लंजर मागे सरला की पुन्हा फुगतो. बुडबुडा फुगून जागा अडवतो, त्यामुळे नवं डिझेल आत यायलाही वाव राहत नाही. पंप इमानेइतबारे चालू असतो आणि नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. काठीऐवजी स्प्रिंगनं दार ढकलावं, तशातली गत.

विहिरीवरच्या मोटारीलाही हवा लागते, पण ते दुखणं वेगळं. फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो गळका असला की नळीतलं पाणी उतरतं आणि पंपाचा पंखा हवेत फिरत बसतो. हवा पाण्याच्या आठशेव्या भागाइतकी हलकी. ती भिरकावून पाणी ओढण्याइतकी ओढ तयार होत नाही. दोन्हीकडे आपण म्हणतो एकच, ‘हवा धरली’. पण तिथे हवेचा हलकेपणा नडतो, इथे तिचं दबणं.

गंमत अशी की हवेच्या याच दबण्यावर डिझेल इंजिन जगतं. सिलिंडरमध्ये जो गुण, तोच नळीत दोष. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये जर्मनीतल्या आऊग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा तर इंधन आत फुंकायलाही त्यानं दाबलेली हवाच वापरली होती. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा आणि इंजिन अवजड व्हायचं. 1927 मध्ये बॉश कंपनीनं डिझेल पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि इंजिन हलक्या गाड्यांत मावू लागलं. हवेचा फुंकर मारण्याचा मान गेला आणि इंधनाच्या वाटेत ती चोर ठरली.

टाकी पूर्ण कोरडी व्हायलाच हवी असंही नाही. घाटाखालून घाटावर येताना, राजूर घाटाच्या चढावर, टाकीत थोडंच उरलेलं डिझेल मागच्या बाजूला जातं. नळीचं तोंड उघडं पडलं की पंप हवा ओढतो. समुद्रावरच्या शिडाच्या बोटीचंही असंच होतं. वाऱ्यानं बोट कलते, टाकीतलं डिझेल एका कडेला डचमळतं. बोट शिडाची असली तरी बॅटऱ्या भरायला आणि वारा नसताना बंदरात शिरायला डिझेल इंजिन लागतंच. दिलीप दोंदे यांनी गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. अशा सफरीत मिस्त्रीला फोन करायची सोय नसते. खलाशाला पाना स्वतःच हातात घ्यावा लागतो.

पाना फिरवायची पद्धत मात्र बोटीतली आणि वावरातली एकच. टाकी भरायची, फिल्टरवरचा एअर स्क्रू एक-दोन आटे सैल करायचा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हात-प्रायमर दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फुसफुसत डिझेल येतं, मग अखंड धार लागते. धार चालू असतानाच, प्रायमर न सोडता, स्क्रू आवळायचा. हे चुकलं की हवा पुन्हा आत गेलीच. मग हेच डिझेल पंपावरच्या स्क्रूला. तरीही इंजिन धरेना तर नोझलकडचे नट 17 नंबरच्या पान्यानं अर्धा आटा सैल करून थोडा थोडा सेल्फ मारायचा. डिझेल उसळलं की एकेक नट घट्ट. एक सिलिंडर खोकतो, दुसरा साथ देतो, आणि पांढरा धूर सोडत इंजिन पकडतं.

नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीच धरू नये. दिसायला टाचणीएवढी जखम होते, पण डिझेल कातडीखाली शिरलेलं असतं आणि उपचाराला थोडाही उशीर बोटावर बेतू शकतो. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार वातावरणांच्याही वर असतो. तिथे नट सैल करायच्या फंदात पडूच नये.

मिस्त्रीची खरी परीक्षा पुढे असते. टाकी भरलेली, हवा कालच काढलेली, आणि सकाळी इंजिन पुन्हा अडलं. आपण सवयीनं ओला डाग शोधतो. पण टाकी आणि फीड पंपामधली नळी चोखली जात असते, विशेषतः पंपाआधीचा फिल्टर चोंदलेला असताना. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे पिचलेल्या तांब्याच्या वायसरमधून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. शिवाय डिझेलमध्ये हवा विरघळलेलीही असते, आकारमानाच्या दहाएक टक्के. चोखणीचा जोर वाढला की सोड्याची बाटली उघडल्यासारखी तीही बाहेर पडते. म्हणजे एकही सांधा गळका नसताना निव्वळ घाणेरड्या फिल्टरपायी इंजिन हवा धरू शकतं.

यावर मिस्त्री लोक साधी युक्ती करतात. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडतात, इंजिन चालू ठेवतात आणि तिच्याकडे बघत उकिडवे बसतात. मग टाकीच्या बाजूनं एकेक सांधा आवळत यायचं, नळीतून जाणारे बुडबुडे थांबेपर्यंत.