पावसाळी सहल आणि मोटारीची पारख

आषाढ लागला कीं मुंबई-पुण्याच्या घरोघरीं एखाद्या रविवारच्या सहलीचे बेत सुरू होतात. उन्हाळ्यांत करपलेले डोंगर हिरवे होतात, कड्यांवरून धबधबे कोसळूं लागतात, आणि सह्याद्रीचे घाट शहरांतील माणसाला बोलावूं लागतात. हें बोलावणें मोडावें असें कोणी सांगणार नाहीं. परंतु ज्या पावसामुळें हें वैभव दृष्टीस पडतें, तोच पाऊस तेथील मातीवर, दगडावर आणि रस्त्यावर काय काय करीत असतो, याची विचारपूस न करतां बाहेर पडणारीं कुटुंबें थोडीं नसतात.

प्रथम पावसाचें मान पाहावें. महाबळेश्वरास वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारें १२० किलोमीटरवर असलेल्या पुण्यास तो ७०० च्या आसपास असतो. तेव्हां आपल्या अंगणांतील रिमझिम पाहून घाटमाथ्याचा अंदाज बांधणें व्यर्थ आहे. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास वेधशाळा त्याला सर्वांत वरच्या वर्गांत बसविते. २०२१ च्या जुलै महिन्यांत महाबळेश्वरास एका दिवसांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें दगावलीं, आणि चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरांत बुडालें.

दरड कां कोसळते? सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण असला तरी त्यावर झिजलेल्या दगडाचा मुरूम व माती यांचा थर असतो. दिवसचे दिवस पाऊस मुरला म्हणजे त्या थरांतील पोकळ्या पाण्यानें भरतात. माती जड होते, पण तिची खडकावरील पकड मात्र सैल पडते. त्यांतच रस्त्यासाठीं किंवा घरासाठीं उताराचा पायथा कापलेला असला, तर वरच्या भाराला आधार राहत नाहीं. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला असें नाहीं. मुरलेलें पाणी आपलें काम करीतच असतें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव सकाळच्या प्रहरीं गाडलें गेलें आणि सुमारें १५० माणसें मृत्युमुखीं पडलीं. उतारावरून बारीक खडे घरंगळूं लागणें, झाडें कललेलीं दिसणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा ओढा अकस्मात् आटणें हीं लक्षणें दिसतांच तेथून निघावें. अशा उताराखालीं मोटार उभी करून भजीं खात बसणें हा तर शुद्ध अविचार होय.

धबधब्याचें गणित निराळें. आपण उभे आहों तेथें ऊन पडलेलें असतें, पण वरच्या पठारावर सर कोसळून गेलेली असते, आणि तें पाणी कांहीं मिनिटांत खालीं येतें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील ५ जण असेच वाहून गेले. पाणी गुडघ्याशीं होतें तें कमरेशीं येईपर्यंत पाय काढून घेण्यास अवधि मिळत नाहीं.

वेधशाळा जिल्हावार पिवळा, नारिंगी व तांबडा असे इशारे देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि तांबडा म्हणजे तांतडीनें कृति करा. बरोबर मुलें व वृद्ध असतील तर नारिंगी रंगालाच बेत रद्द करणें शहाणपणाचें. हॉटेलाला दिलेली आगाऊ रक्कम बुडेल म्हणून तांबड्या इशाऱ्यांतहि घाट चढणारे गृहस्थ आढळतात. त्या रकमेची आणि घरच्या माणसांची तुलना त्यांनीं कोणत्या तराजूंत केली असेल तें त्यांनाच ठाऊक.

रस्त्यावरून पाणी वाहत असतां मोटार घालावी कीं नाहीं, याचें उत्तर आर्किमिडीजनें केव्हांच दिलें आहे. लहान मोटार सुमारें साडेतीन मीटर लांब व १.६ मीटर रुंद धरली तर तिच्या तळाचें क्षेत्रफळ साडेपांच चौरस मीटर होतें. तिचा तळ जमिनीपासून सुमारें १७ सेंटिमीटर उंच असतो. पाणी तळाला लागल्यावर आणखी १० सेंटिमीटर चढलें कीं ५५० किलोग्रॅमच्या आसपास उचल बसते. अशा गाडीचें वजन ९०० किलोग्रॅम धरलें, तर सुमारें ३३ सेंटिमीटर पाण्यांत चाकांखालची जमीन सुटूं लागते. मग वाहतें पाणी तिला नेईल तिकडे ती जाते. उंच व अवजड गाडी थोडी अधिक तग धरते, एवढाच फरक. शिवाय पाण्याखालीं रस्ता शाबूत आहे कीं वाहून गेला, हें वरून दिसत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतील दगडी पूल पुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह कांहीं वाहनें नदींत गेलीं.

पाण्यांत इंजिन बंद पडलें तर पुन्हां चालू करूं नये. हवेबरोबर आंत गेलेलें पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वांकतो. हा खर्च साध्या विम्यांत बहुधा मिळत नाहीं. इंजिनाचें संरक्षण निराळें घ्यावें लागतें.

आतां मोटारीच्या निवडीकडे वळूं. विक्रेता गाण्याच्या यंत्राचें व छतावरील कांचेचें कौतुक सांगेल. तें ऐकून घ्यावें आणि टायर पाहावेत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षां झिजलेली असतां कामा नये. तिच्या खांचांतूनच चाकाखालचें पाणी बाहेर फेंकलें जातें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. घाट उतरतांना मोटार खालच्या गिअरमध्यें ठेवावी म्हणजे ब्रेक तापत नाहींत. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें आणि मग लवकर उकळतें. म्हणून तें साधारण दोन वर्षांनीं बदलतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ‘भारत एनकॅप’ या योजनेखालीं मोटारींची टक्कर घडवून प्रौढांसाठीं व मुलांसाठीं स्वतंत्र तारे दिले जातात. कुटुंबवत्सल माणसानें मुलांचे तारे आधीं वाचावेत.

जुनी मोटार घ्यावयाची असेल तर ती पुरांत बुडालेली नाहीं ना, हें पाहणें अगत्याचें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरांत बुडालेल्या मोटारी धुऊन-पुसून पुन्हां बाजारांत येतात. वरून रंग चकचकीत असतो. तेव्हां गालिचा उचलून वास घ्यावा, आसनांच्या बोल्टांवर गंज आहे काय तें पाहावें, जादा चाकाच्या खळग्यांत बोट फिरवून गाळ लागतो काय तें तपासावें, आणि शेवटीं आसनाचा पट्टा सगळाच्या सगळा बाहेर ओढावा. धुणाराचा हात तेथवर सहसा पोंचत नाहीं. पाणी जेथपर्यंत चढलें होतें तेथें चिखलाची रेघ तशीच राहिलेली असते.