पुलगावला येणाऱ्या दारूगोळ्याच्या पेटीलाही 'ओळखपत्र'. गाडी आणि मालाचा हिशेब लष्कर कसा ठेवतं?

पुलगाव (ता. देवळी) : केंद्रीय दारूगोळा भांडार म्हणजे आपल्याकडचा 'डेपो'. नाचणगाव, आगरगावच्या लोकांना लष्कराच्या गाड्या रोजच्याच. पण आत आलेला माल कोणत्या लॉटचा, किती जुना आणि कुठं ठेवलाय, हे नेमकं कळतं कसं?

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातून ५.५६ मिमी काडतुसांचे तीन ट्रक पुलगावकडे रवाना झाले. आरएफआयडी टॅग लावलेला लष्कराचा हा पहिलाच दारूगोळा.

टॅग काम कसा करतो?

टोलनाक्यावरच्या फास्टॅगसारखाच. पेटी रीडरसमोरून गेली की तिची नोंद थेट संगणकात होते. रजिस्टर उघडून एकेक पेटी शोधत बसावं लागत नाही.

मात्र हा टॅग म्हणजे जीपीएस नव्हे. रीडर समोर असेल तेव्हाच तो 'बोलतो'. वाटेत ट्रक कुठं आहे, हे कळायला गाडीत वेगळं यंत्र लागतं. अशी यंत्रं इंजिनाचं तापमान, ऑइलचा दाब, बॅटरीची स्थितीही कळवू शकतात.

देखभालीला फायदा काय?

ट्रॅक्टरचं ऑइल आपण तास पाहून बदलतो. पण भरली ट्रॉली ओढलेले शंभर तास आणि नुसतं चालू ठेवलेले शंभर तास सारखे नसतात. हा फरक इंजिनाच्या नोंदीतून कळतो अन् बिघाडाआधीच दुरुस्ती करता येते. दारूगोळा भरलेला ट्रक भर उन्हात रस्त्यावर बंद पडणं कुणालाच परवडणारं नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचं का?

३१ मे २०१६ च्या पहाटे डेपोत लागलेली आग तालुका विसरलेला नाही. १९ जणांचा जीव गेला, आजूबाजूची गावं रात्रीतून रिकामी करावी लागली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची बाब तेव्हा समोर आली होती. असा सदोष लॉट कोणत्या शेडमध्ये आहे, हे चटकन कळलं तर तो वेळेत वेगळा काढता येतो.

अर्थात, टॅग आग विझवत नाही. माहिती मिळूनही माल हलवला नाही, तर उपयोग शून्य. शिवाय ही माहिती बाहेर फुटली तर उलटा धोका. २०१८ मध्ये 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या अ‍ॅपच्या नकाशावरून परदेशातले लष्करी तळ उघड झाले होते. म्हणून पेटीइतकीच तिची नोंदही जपावी लागते.