रजिस्टर करणे म्हणजे काय?

‘खत रजिस्टर केलंत का?’ असे थळच्या वाड्यांत आपण पुष्कळदा ऐकतो. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजी. आपल्या भाषेत त्याला नोंदणी करणे म्हणतात. चारचौघांत ठरलेली गोष्ट सरकारी दप्तरात चढवली, म्हणजे ती रजिस्टर झाली.

मूल जन्मले की 21 दिवसांत आपण त्याची नोंद करतो. लग्नाची नोंद करतो. मासेमारीच्या होडीचीही करतो. पण जमिनीच्या बाबतीत फार जपावे लागते.

समजा, नारळाच्या वाडीचा सौदा ठरला. पैसे दिले. स्टँपाच्या कागदावर लिहून सह्या-अंगठे झाले. वाडी आपली झाली का? नाही! 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा अधिक किमतीच्या जमिनीचे खरेदीखत रजिस्टर करावेच लागते. नुसत्या स्टँपाच्या कागदाने मालकी मिळत नाही. उद्या विकणाऱ्याचे मन फिरले, तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे आपल्या नशिबी येईल.

म्हणून सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत खत अलिबागला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दाखल करावे. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही जावे. ओळख पटवणारी माणसे न्यावीत. पावती जपून ठेवावी.

एवढ्याने काम संपत नाही. पुढे फेरफार होऊन सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव चढले का, ते पाहावे. उतारा आपण स्वतः वाचावा. आता आपल्याला वाचता येते. मग न वाचता अंगठा का उठवावा?