कीटकनाशकांवरील विषदर्शक लेबल

कीटकनाशकाच्या बाटलीवर किंवा पुड्यावर छापलेली विषदर्शक खूण, वापराच्या सूचना आणि सोबतचे माहितीपत्रक यांतून त्या रसायनाचा धोका वापरणाऱ्याला कळविला जातो. भारतात या लेबलाचे स्वरूप कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि कीटकनाशके नियम, १९७१ यांनी ठरविले आहे. कायद्याच्या परिभाषेत बुरशीनाशके व तणनाशके हीदेखील ‘कीटकनाशके’च होत.

खुणेचे स्वरूप

खूण म्हणजे कोनावर उभा केलेला चौरस. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषाची तीव्रता सांगतो. ती तीव्रता प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास लागणाऱ्या मात्रेवरून ठरते. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असल्यास लाल, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५००० असल्यास निळा आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा रंग दिला जातो. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. वरच्या भागात लाल गटासाठी कवटी, हाडांची फुली व ‘विष’ हा शब्द, पिवळ्यासाठी केवळ ‘विष’, तर निळ्या व हिरव्या गटांसाठी अनुक्रमे ‘धोका’ आणि ‘सावधान’ अशा अर्थाचे शब्द असतात.

हिरव्या रंगाने गैरसमज होणे स्वाभाविक आहे. पान हिरवे, वाहतुकीची मोकळीकही हिरवी. मग हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असे वाटते. प्रत्यक्षात हा रंग केवळ तात्काळ विषबाधेविषयी बोलतो, वर्षानुवर्षांच्या संपर्काविषयी नाही. द्राक्षबागांत सर्रास वापरले जाणारे मॅन्कोझेब हे बुरशीनाशक हिरव्या गटात मोडते. प्रजननावरील व संप्रेरकांवरील परिणामांच्या कारणास्तव युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले.

नाशिक जिल्ह्यातील स्थिती

बोलभाषेत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात आणि फवारणीला ‘औषध मारणे’. लेबलावर विष आणि बोलण्यात औषध, ही विसंगती केवळ शब्दांची नाही. औषधाला कोणी हातमोजे घालून हाताळत नाही.

तरीही नाशिकचा द्राक्ष बागायतदार लेबल वाचत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. ‘लेबल क्लेम’ (म्हणजे त्या पिकासाठी रसायनाची नोंदणी असणे) आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी हे शब्द निफाड-दिंडोरीच्या निर्यातदार बागायतदारांच्या नित्य व्यवहारातील आहेत. लेबलाचा जो भाग मालाशी निगडित आहे, तो वाचला जातो. शरीराशी निगडित असलेला भाग मागे पडतो.

शिवाय वाचणारा आणि हाताळणारा पुष्कळदा एक नसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची ‘पेस्ट’ लावतात. या कामाला पेठ, सुरगाणा अशा आदिवासी तालुक्यांतूनही मजूर येतात. हे रसायन शरीरात मद्याचे विघटन अडवते, त्यामुळे कामाच्या आधी व नंतरही मद्य घेतल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. ही सूचना बाटलीवर असते. मजुराच्या हाती मात्र बादली येते. लेबल हिंदी, इंग्रजी व एक-दोन प्रादेशिक भाषांत छापण्याचा नियम आहे, परंतु बादलीला कोणतीच भाषा नसते.

विषबाधा झाल्यास

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा यांची माहिती माहितीपत्रकात दिलेली असते. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषांवर अ‍ॅट्रोपिन देतात, इतर गटांचे उपचार वेगळे असतात. म्हणून रुग्णासोबत रिकामी बाटली किंवा तिचे लेबल रुग्णालयात नेणे आवश्यक असते. दोन-तीन रसायने एकत्र फवारली असल्यास त्या सर्वांचे.